एमआयटी परवान्याचा कोड घेतला, नाव मात्र काढले: आता काय करावे?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. रुपयांची रक्कम मराठी अक्षरांत लिहून देणारी, म्हणजे १,२५,०५० या आकड्याचे ‘एक लाख पंचवीस हजार पन्नास रुपये फक्त’ असे रूपांतर करणारी एक छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी तुम्ही चार वर्षांपूर्वी लिहिली आणि एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कोणालाही कोड मोफत वापरू आणि बदलू देणाऱ्या छोट्या परवान्याखाली, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवली. ठाण्यातल्या एका कंपनीने दुकानदारांसाठी काढलेल्या बिलिंग ॲपमध्ये ती तुम्हाला सापडली. ॲपच्या वेब आवृत्तीचा सोर्स मॅप, म्हणजे आक्रसलेल्या कोडवरून मूळ कोड दाखवणारी फाईल, उघडा राहिला होता म्हणून हे कळले. फाईलच्या माथ्यावरचे तुमचे नाव गेले आहे आणि त्या जागी कंपनीचे नाव व ‘सर्व हक्क राखीव’ असे शब्द आहेत. तुम्ही विचारणा केल्यावर कंपनीने दोन वाक्यांत उत्तर दिले की एमआयटी म्हणजे फुकट, आणि त्यातला साठ टक्के कोड आम्ही बदललेला आहे. तुम्ही प्रामाणिकपणे हेही लिहिले आहे की स्वल्पविराम टाकणारे एक फंक्शन तुम्ही स्वतः स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून घेतले होते, दोन अनोळखी लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या तुम्ही लायब्ररीत सामावून घेतल्या होत्या, आणि हे सगळे लिहिले तेव्हा तुम्ही महापेच्या एका कंपनीत नोकरीला होतात. ही चोरी आहे का, भरपाई मागता येईल का, जाहीरपणे लिहावे का आणि पुढे परवाना बदलावा का, असे तुम्ही विचारता.

मी वकील नाही. वीस-एक वर्षे सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे आणि त्यातली बरीच वर्षे महापे, ऐरोली आणि वागळे इस्टेटमधल्या छोट्या-मध्यम कंपन्यांच्या कोडची परवाना-तपासणी करण्यात गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या प्रश्नात ‘श्रेय’ हा शब्द चार वेळा आला आहे आणि तुमच्या परवान्यात तो एकदाही नाही. एमआयटी परवाना अर्ध्या पानाचा असून त्यात अट एकच आहे: वरची कॉपीराइटची सूचना आणि परवानगीचा हा मजकूर सॉफ्टवेअरच्या सर्व प्रतींमध्ये किंवा त्याच्या महत्त्वाच्या भागांमध्ये समाविष्ट असला पाहिजे. कंपनीने तुमचे आभार मानावेत, जाहिरातीत तुमचे नाव घ्यावे किंवा तुम्हाला निदान कळवावे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. तेव्हा तुमच्या मनाला लागलेली गोष्ट आणि तुमच्या हातात असलेली मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी पहिलीपेक्षा लहान आहे, पण ती पक्की आहे, आणि म्हणूनच सगळा भर तिच्यावर द्यावा असे माझे मत आहे.

खरेखुरे श्रेय मागणारा परवाना पूर्वी होता आणि तो का टिकला नाही हे पाहण्यासारखे आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जुन्या बीएसडी परवान्यात असे कलम होते की सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचा नामोल्लेख झाला पाहिजे. इतर लेखकांनी तेच कलम उचलून विद्यापीठाच्या जागी आपापली नावे घातली, आणि नेटबीएसडी या संगणक-प्रणालीच्या १९९७ च्या एका आवृत्तीत अशी तब्बल ७५ वाक्ये मोजली गेली. अखेर १९९९ मध्ये विद्यापीठाने ते कलम मागे घेतले. एमआयटी, दोन किंवा तीन कलमांचा बीएसडी आणि अपाची २.० हे आज सर्रास दिसणारे परवाने सूचनेवर समाधान मानतात, त्यामागे हा इतिहासही आहे.

आता कंपनीच्या उत्तराकडे वळू. ‘एमआयटी म्हणजे फुकट’ हे पैशांपुरते खरे आहे. परंतु परवानगी अटीसह दिलेली असेल तर अट पाळली जाईपर्यंतच ती परवानगी टिकते. अमेरिकेतील जेकबसन विरुद्ध कॅटझर या खटल्यात हाच मुद्दा होता. खेळण्यातल्या आगगाड्या चालवणाऱ्या एका मुक्त सॉफ्टवेअरच्या फाईली प्रतिवादीने आपल्या उत्पादनात घेतल्या आणि त्यांतली लेखकांची नावे व कॉपीराइटच्या सूचना गाळल्या. खालच्या न्यायालयाला हा फार तर कराराचा भंग वाटला होता. ऑगस्ट २००८ मध्ये फेडरल सर्किट अपील न्यायालयाने मात्र सांगितले की या परवान्यातल्या नामनिर्देशाच्या मागण्या म्हणजे अटी आहेत, त्या मोडल्या तर कॉपीराइटचा भंग होऊ शकतो, आणि पैसे घेतलेले नाहीत म्हणून अटीला मोल नाही असे होत नाही. तो खटला आर्टिस्टिक नावाच्या वेगळ्या परवान्यावरचा होता आणि परदेशी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतो, हे दोन्ही लक्षात ठेवून हा दाखला द्यावा. तरीही कंपन्यांच्या कायदा विभागांना तो माहीत असतो आणि कंपनीला पाठवायच्या पत्रात त्याचा एका ओळीचा उल्लेख उपयोगी पडतो.

‘साठ टक्के बदलला’ हा मुद्दा अधिक नाजूक आहे, कारण तो अर्धा बरोबर असू शकतो. त्यांनी स्वतः लिहिलेल्या भागावर त्यांचा हक्क आहे आणि तिथे ते आपली कॉपीराइटची ओळ जरूर लिहू शकतात, पण ती तुमच्या ओळीखाली आली पाहिजे, तुमच्या ओळीच्या जागी नव्हे. एका फाईलच्या माथ्यावर दोन, तीन, दहा ओळी असल्या तरी काही बिघडत नाही. या साध्या गोष्टीने माझ्यासमोरची निम्मी भांडणे मिटलेली आहेत. उरलेला चाळीस टक्के भाग ‘महत्त्वाचा’ आहे का, हे टक्क्यांवर ठरत नाही. तुमच्या लायब्ररीतली एक ते नव्व्याण्णव या अंकनामांची यादी कितीही कष्टाने केलेली असली तरी ‘एकोणसाठ’ हा शब्द तुमचा नाही, आणि लाख-कोटींची उतरंडही तुमची नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात म्हटले आहे की नुसत्या श्रमाने कॉपीराइट मिळत नाही, किमान काही सर्जनशीलता हवी. म्हणून ती यादी बाजूला ठेवा आणि उरलेल्यातून पुरावा शोधा: फंक्शनांची रचना, टिप्पण्यांचे शब्द, चाचण्यांसाठी तुम्ही निवडलेल्या रकमा, आणि सर्वांत बोलका पुरावा म्हणजे तुमच्या चुका. तुमच्या जुन्या आवृत्तीत ‘शून्य पैसे’ दोनदा छापले जात होते असे तुम्ही लिहिले आहे. तीच चूक त्यांच्या ॲपमध्येही असेल, तर चलांची नावे बदलून लिहिलेला कोड कुठून आला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आता ‘चोरी’ या शब्दाविषयी, आणि इथे मला स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. महापेत नोकरी करत असताना एका साहेबांनी फर्मावले की आपल्या प्रत्येक फाईलवर कंपनीचे नाव दिसले पाहिजे. मी एका संध्याकाळी स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक फाईल उघडत असे, माथ्यावरची पहिली टिप्पणी काढून टाकत असे आणि तिथे आमचा मजकूर चिकटवत असे. बाहेरून आणलेल्या लायब्ररी ज्या फोल्डरमध्ये होत्या तो वगळायचे मी विसरलो. पुढे तीन वर्षे जगभरच्या डझनभर लोकांचा कोड आम्ही आमच्या नावाने ग्राहकांना देत होतो आणि आमच्यापैकी कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. एका जर्मन ग्राहकाच्या तपासणीत ते उघड झाले आणि जुन्या कमिटांमधून, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदींमधून, मूळ सूचना हुडकून परत लावण्यात माझे दोन आठवडे गेले. त्या वेळी कोणी आम्हाला जाहीरपणे चोर म्हटले असते तर आम्ही बहुधा वकील गाठला असता आणि ते काम दोन आठवड्यांऐवजी दोन वर्षे रेंगाळले असते. तुमच्या प्रकरणातही असेच घडले असेल असा माझा दावा नाही, पण ‘सर्व हक्क राखीव’ हा ठोकळेबाज मजकूर पाहून मला माणसाच्या आधी स्क्रिप्टचाच संशय येतो.

दुसरा नेहमीचा अपराधी म्हणजे बिल्डचे साधन, लिहिलेल्या कोडवरून ग्राहकाला द्यायच्या फाईली तयार करणारे. जावास्क्रिप्टचा कोड आक्रसून एकाच फाईलमध्ये, म्हणजे बंडलमध्ये, भरताना साध्या टिप्पण्या गळून पडतात. उद्गारचिन्हाने सुरू होणारी किंवा ॲट चिन्हाला जोडून लायसन्स हा शब्द असलेली टिप्पणी वेबपॅकसारखी साधने सहसा जपतात आणि बंडलशेजारी एका वेगळ्या मजकूर-फाईलमध्ये ठेवतात. पण सर्व्हरवर फाईली चढवणारी स्क्रिप्ट फक्त जेएस फाईली उचलत असेल तर ती मजकूर-फाईल ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही. तुमची सूचना साध्या टिप्पणीत असेल तर पुढच्या आवृत्तीत ती या पद्धतीने लिहा आणि प्रत्येक फाईलमध्ये एसपीडीएक्स या प्रमाणित पद्धतीची एका ओळीची परवाना-खूणही घाला. तपासणीची साधने आधी तीच ओळ शोधतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. एमआयटीची अट ‘प्रतीं’ना लागू होते. तुमचा कोड केवळ कंपनीच्या सर्व्हरवर चालत असता आणि दुकानदाराला फक्त तयार बिल दिसत असते, तर प्रत कोणाला दिली हा प्रश्न उभा राहिला असता आणि तुमची बाजू बरीच लंगडी झाली असती. मोबाइल ॲप दुकानदाराच्या फोनवर उतरते आणि वेब आवृत्तीचे बंडल त्याच्या ब्राउझरमध्ये येते, म्हणून इथे प्रत दिली जाते असे मी धरतो. ती सूचना प्रत्येक पडद्यावर दिसायला हवी असेही नाही. ॲपच्या ‘आमच्याविषयी’ विभागात ‘ओपन सोर्स परवाने’ असे एक पान पुरेसे असते. म्हणून पत्र पाठवण्यापूर्वी ते पान कुठे दडलेले नाही ना, हे ॲप नीट उघडून पाहा. ठाण्याच्याच एका गृहस्थांनी माझ्याकडून सविस्तर अहवाल लिहून घेतला होता आणि शेवटी त्यांचे नाव त्या ॲपमध्ये सेटिंग्जच्या तळाशी सुखरूप सापडले. आणखी एक तपासा: परवान्याची फाईल तुम्ही रेपॉझिटरीत, म्हणजे गिटहबवरच्या तुमच्या कोडच्या साठ्यात, कधी घातलीत? लोक बरेचदा कोड आधी चढवतात आणि परवाना काही महिन्यांनी लावतात. कंपनीने त्या मधल्या काळातली प्रत उचलली असेल तर तिला मुळात परवानगीच नव्हती, आणि मग चर्चा वेगळ्या पायावर सुरू होते.

आता तुमच्या स्वतःच्या घराकडे वळू, कारण कंपनीचा वकील पहिल्यांदा तिकडेच पाहील. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामाच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. घरच्या लॅपटॉपवर, सुटीच्या दिवशी आणि तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या विषयावर लिहिले असेल तर तुमची बाजू चांगली आहे. पण महापेच्या त्या कंपनीतही तुम्ही बिलिंगचेच सॉफ्टवेअर लिहीत होतात का, हे तुम्ही सांगितलेले नाही. नेमणूकपत्र काढून त्यातले बौद्धिक संपदेचे कलम वाचा. काही नेमणूकपत्रांत ‘नोकरीच्या काळात केलेली प्रत्येक निर्मिती’ इतके सरसकट शब्द असतात आणि तसे असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. दुरुस्त्या पाठवणाऱ्या त्या दोघांचा आपापल्या ओळींवर हक्क आहे, तेव्हा पत्रात ‘संपूर्ण कोड माझा’ असे लिहू नका.

स्टॅक ओव्हरफ्लोवरून घेतलेले फंक्शन हे तुमचे खरे दुखणे आहे. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नामनिर्देश-समवाटप परवान्याखाली असतो; ८ एप्रिल २०११ पूर्वीच्या मजकुराला त्याची २.५ ही आवृत्ती लागू आहे, त्यानंतरच्याला ३.० आणि २ मे २०१८ पासूनच्याला ४.०. त्या परवान्यात लेखकाचा निर्देश करावा लागतो आणि बदललेली कृती वाटायची असेल तर ती त्याच किंवा सुसंगत परवान्याखाली द्यावी लागते. तुम्ही त्या उत्तराच्या लेखकाचे नाव दिलेले नाही आणि त्याचा कोड एमआयटीखाली पुढे दिला आहे. म्हणजे जे कंपनीने तुमच्याशी केले तेच, लहान प्रमाणात का होईना, तुम्ही त्या लेखकाशी केले आहे. चार-पाच ओळींच्या फंक्शनला कॉपीराइट लागतो की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद या वेळी तुम्हाला परवडणारा नाही. ते फंक्शन आजच काढून टाका. हल्लीच्या ब्राउझरांत आणि सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये आकड्यांना भारतीय पद्धतीने स्वल्पविराम देण्याची सोय भाषेतच आहे, त्यामुळे काम अर्ध्या तासाचे आहे. कमिटच्या संदेशात कारण स्पष्ट लिहा. जुना इतिहास पुसायचा प्रयत्न मात्र करू नका, कारण तोच इतिहास तुमचा पुरावा आहे.

कायद्याने तुमच्या हातात काय आहे, हे थोडक्यात सांगतो. आपल्याकडे संगणक प्रोग्रॅम ही साहित्यिक कृती मानली जाते आणि कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कलम ५७ लेखकाला कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते आणि तो हक्क कॉपीराइट दुसऱ्याला सोपवल्यानंतरही उरतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५बी हे हक्कांविषयीची माहिती, म्हणजे त्यात लेखकाचे नावही आले, जाणूनबुजून काढून टाकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. पण ‘जाणूनबुजून’ हे सिद्ध करावे लागते, आणि माझ्या त्या स्क्रिप्टची गोष्ट आठवली तर ते किती अवघड आहे हे कळेल. कलम ६२ नुसार वादीला तो राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, त्यामुळे तुम्हाला ठाणे जिल्ह्याबाहेर जावे लागणार नाही. एवढे असूनही, माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांपैकी एकही न्यायालयात गेलेले नाही आणि तुमचेही जाऊ नये असे मला वाटते.

भरपाईबद्दल माझे मत तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही स्वतःच्या मर्जीने विनामूल्य दिलेल्या कोडचे पैसे, सूचना हरवली म्हणून मागू नयेत. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन यांनी २०१५ मध्ये जीपीएलच्या, म्हणजे बदललेला कोड वाटायचा तर त्याच परवान्याखाली द्यायला लावणाऱ्या परवान्याच्या, अंमलबजावणीची जी तत्त्वे जाहीर केली, त्यांतही परवान्याचे पालन हा मुख्य हेतू, पैसा नव्हे, आणि न्यायालय हा शेवटचा उपाय, असेच म्हटले आहे. व्यवहारात पाहिले तरी, पैशांचा आकडा दिसताच पत्र अभियंत्याच्या टेबलावरून वकिलाच्या टेबलावर जाते. अभियंत्याकडे ते राहिले तर दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत होऊन जाते.

म्हणून पत्र अभियांत्रिकी प्रमुखाला पाठवा आणि एका पानाचे ठेवा. तुमच्या लायब्ररीची कोणती आवृत्ती आणि कोणता कमिट, त्यांच्या ॲपची कोणती आवृत्ती आणि कोणती फाईल, शेजारी-शेजारी ठेवलेले दोन-तीन उतारे, परवान्यातले ते एक वाक्य, आणि नेमकी मागणी: फाईलमधली मूळ सूचना परत लावावी, ॲपमधल्या परवान्यांच्या पानावर तिचा समावेश करावा, त्यांची स्वतःची ओळ तिच्याखाली ठेवायला तुमची हरकत नाही. मुदत तीस दिवसांची द्या. एमआयटीत अशी मुदत नाही; जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदाच चूक करणाऱ्याला सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत सुधारणा करण्याची जी सवड आहे, तिच्यावरून मी हा प्रघात उचलला आहे. ‘चोरी’, ‘फसवणूक’ हे शब्द नकोत. पत्र पाठवण्यापूर्वी त्यांच्या वेब आवृत्तीची फाईल, सोर्स मॅप आणि ॲपची इन्स्टॉल फाईल तारखेसह जपून ठेवा, कारण पत्र पोहोचल्यावर सोर्स मॅप पहिल्यांदा बंद होईल.

मुदत संपेपर्यंत जाहीरपणे काहीही लिहू नका. नंतरही लिहायचे ठरवलेच तर फक्त दोन फाईली आणि परवान्याचे वाक्य मांडा, हेतूबद्दल काही म्हणू नका. हेतू तुम्हाला माहीत नाही आणि मानहानीची नोटीस मात्र कंपनीकडून लगेच येऊ शकते. त्यांनी तुमचा कोड स्वतःच्या नावाने एखाद्या सार्वजनिक रेपॉझिटरीत ठेवलेला असेल, तर तो काढून टाकण्याची तक्रार करण्याचा मार्ग आहे. गिटहबवरची तक्रार अमेरिकी कायद्याखाली, खोटे निघाल्यास शिक्षेच्या जबाबदारीसह करावी लागते. आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्येही लेखी तक्रारीवरून मध्यस्थाने एकवीस दिवस मजकूर रोखण्याची तरतूद आहे, पण पुढे न्यायालयाचा आदेश आणावा लागतो. हे हत्यार जड आहे. तीस दिवसांच्या पत्रानंतरच त्याचा विचार करा.

शेवटचा प्रश्न परवाना बदलण्याचा. आधी दिलेल्या आवृत्त्यांची एमआयटी परवानगी मागे घेता येत नाही, त्यामुळे कंपनीकडे असलेल्या प्रतीवर तुमच्या नव्या परवान्याचा काही परिणाम होणार नाही. पुढच्या आवृत्त्या जीपीएलखाली काढता येतील, मात्र त्या दोघांच्या दुरुस्त्यांची मूळ सूचना तुम्हालाही जपावी लागेल. २००७ मध्ये ओपनबीएसडी या प्रणालीच्या मंडळींनी लिहिलेला अथेरॉस चिपचा वायरलेस ड्रायव्हर लिनक्समध्ये नेताना काही फाईलींवरची मूळ सूचना काढून फक्त जीपीएल लावणारा पॅच पुढे आला, तेव्हा मोठे भांडण झाले होते, आणि तिथे दोन्ही बाजूंना परवाने तोंडपाठ असणारे लोक होते. तुमची तक्रार सूचना गाळल्याची आहे आणि ती गाळणे जीपीएलखालीही तितकेच सोपे आहे. शिवाय जीपीएलची लायब्ररी पाहून बिलिंग ॲप लिहिणारे बहुतेक जण तिला हातच लावणार नाहीत. तुम्हाला लायब्ररी वापरली जायला हवी असेल तर एमआयटीच राहू द्या, आणि वेगळी नोटीस फाईल पुढच्यांनी जपावी अशी स्पष्ट अट हवी असेल तर अपाची २.० पाहा, त्यात बदललेल्या फाईलींवर तसे नमूद करण्याचीही अट आहे. पण त्याआधी ते स्वल्पविरामाचे फंक्शन काढा आणि नेमणूकपत्र वाचा. पत्र त्यानंतरच्या आठवड्यात गेले तरी चालेल.